दोन डिस्कवाले सर

आमच्या सरांसमोर 'चालतंय' म्हणायची सोय नव्हती. "मशीन कसं आहे?" असं त्यांनी विचारलं आणि तोंडातून चुकून "चालतंय" निघालं, की चष्मा कपाळावर चढवून ते समोरच्याकडं नुसते बघत राहायचे. "चालतंय म्हणजे काय, बाई? बंद पडायच्या आदल्या घटकेपर्यंत सगळंच चालतं. नीट बघून सांगा." मग आपण उठायचं, मशीनला कान लावायचा, दिवे बघायचे आणि येऊन सांगायचं, "सर, दोन्ही दिवे हिरवे आहेत. आवाज नेहमीचाच आहे." त्यावर "तसल्ली झाली," म्हणून ते पुन्हा कामात बुडायचे.

मी तेव्हा धाराशिवला जिल्ह्याच्या दूध संघात कॉम्प्युटर ऑपरेटर होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सरकारी पाट्यांवर उस्मानाबाद आणि माणसांच्या तोंडात धाराशिव, असा तो काळ. मी बेंबळीची. आमच्या बौद्धवाड्यातली टायपिंगची परीक्षा पास झालेली मी पहिलीच मुलगी. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी गावभर सांगितलं, "आमची पोरगी थंड खोलीत बसती." ते खोटं नव्हतं. अख्ख्या संघात एसी होता तो फक्त आमच्या खोलीला, आणि तोही आमच्यासाठी नाही, मशीनसाठी. उन्हाळ्यात वसुलीचे साहेब, डॉक्टर, ड्रायव्हर, सगळ्यांना आमच्याकडं काही ना काही काम निघायचं. सर कुणाला नाही म्हणायचे नाहीत. अट एकच, चपला बाहेर काढायच्या आणि पाय धुऊन यायचं. चेअरमनसुद्धा धोतर वर धरून बाहेरच्या बादलीतल्या पाण्यानं पाय धुवायचे आणि "सासुरवाडीला आल्यागत वाटतंय," म्हणत आत यायचे.

सर उंच, किडकिडीत. पन्नाशी उलटलेली. पांढरा शर्ट आणि दोन्ही मनगटांवर घड्याळं. एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून. दोन्हींत फरक पडला की त्यांची पंचाईत व्हायची, कारण खरं कुठलं ते कळायला मार्ग नसायचा. मग भर उन्हात ते चालत एसटी स्टँडवर जायचे आणि कंट्रोलरच्या घड्याळाशी दोन्ही मिळवून यायचे. एकदा मी म्हटलं, "सर, तिसरं घड्याळ घ्या की." ते गंभीरपणे म्हणाले, "विचार केला होता, बाई. पण बांधू कुठं?"

त्यांचं लहानपण हैदराबादला गेलं होतं. नोकरीची पहिली वर्षंही तिकडंच, रेडिओ आणि वायरलेसच्या कामात. त्यामुळं त्यांच्या मराठीत 'तसल्ली', 'बराबर', 'फिकर' असले शब्द सहज यायचे. चहा देणाऱ्या मावशींपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना ते 'तुम्ही' म्हणायचे. मला कुणी तुम्ही म्हणणारे आयुष्यातले ते पहिलेच. सुरुवातीला मला वाटायचं, माझ्या मागं कुणीतरी उभं आहे, त्याच्याशी हे बोलताहेत. आमच्या खोलीत पाण्याचा माठ एक आणि पेलाही एकच होता. मी नवीन असताना घरून आपला गडू घेऊन जायचे. एके दिवशी त्यांनी तो गडू उचलून त्यात पेन्सिली उभ्या केल्या. म्हणाले, "याची गरज होती." त्या दिवसापासून मी त्याच पेल्यानं पाणी पिऊ लागले.

त्यांना 'दोन डिस्कवाले' हे नाव संचालक मंडळानं दिलं होतं. मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा सरांनी अट घातली, माहिती साठवायच्या डिस्क दोन हव्यात. जे एकीवर लिहिलं जाईल ते त्याच क्षणाला जसंच्या तसं दुसरीवरही उतरलं पाहिजे. एक बिघडली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहतं. परंड्याकडचे एक जुने संचालक बैठकीत म्हणाले, "सायेब, एका जनावराला दोन काळजं कशापायी?"

"तुम्हाला डोळे किती?" सरांनी विचारलं.

"दोन."

"एकानं दिसत नाही का?"

संचालकांनी खरोखरच एक डोळा मिटून पाहिला म्हणे. "दिसतंय की," ते म्हणाले, आणि आपणच पहिल्यांदा हसले. दोन डिस्क मंजूर झाल्या.

पुढं पाऊस गेला. एक साल गेलं, मग दुसरंही तसंच गेलं. विहिरींच्या तळाशी नुसती ओल राहिली. गल्लीत टँकर आला की बायका कामावरून पळत सुटायच्या. दूध आटलं, आणि संघाकडं दुधाऐवजी चाऱ्याचं काम आलं. गावोगावच्या जनावरांच्या छावण्या, कुठल्या छावणीत कुणाची किती जनावरं, कुठली गाभण, कुठली आजारी, कुठल्या ट्रकनं कुठं उसाचं वाढं जाणार, कुठं कडबा, हे सगळं आमच्या मशीनवर आलं. रोज जनावरं यायची, काही मरायची, काही मालक नाइलाजानं सोडवून न्यायचे. आज भरलेलं उद्या जुनं होई. शनिवारी आम्ही सगळं फ्लॉप्यांवर उतरवून ठेवायचो, पण पुढच्या शनिवारपर्यंत त्यातलं निम्मं खोटं ठरलेलं असायचं. माझ्या बेंबळीची छावणीही त्यात होती. आमची म्हैस त्याच छावणीत होती. तिच्या नावापुढं 'गाभण' असं मीच टाइप केलं होतं.

अशात एके सकाळी मी खोली उघडली तर दोनांतला एक दिवा लाल. आतून बारीक, खरवडल्यासारखा आवाज येत होता. सर आले, डब्यावर हात ठेवून उभे राहिले. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"एक गेली," ते म्हणाले.

चेअरमन पाय धुऊन आत आले. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, कळफलकाकडं पाहिलं. "पण सर, चालतंय ना?"

खोलीतले आम्ही सगळे खाली बघू लागलो. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. पण त्या दिवशी ते रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "चालतंय. आता एकीवर चालतंय."

नवी डिस्क मुंबईहून रेल्वेनं सोलापूरला येणार होती. संघाच्या जीपगाड्या टँकरच्या मागं लागलेल्या. सर म्हणाले, "एसटीनं आणू. पण माणसं दोन लागतील. एकाच्या मांडीवर डिस्क, आणि दुसरं त्या एकाला धरायला." मला घेऊन ते पहिल्या गाडीनं सोलापूरला गेले. जाताना घरची एक उशी बरोबर घेतली होती, बारीक निळ्या फुलांच्या अभ्र्याची. पार्सल सोडवून आम्ही परतीच्या गाडीत बसलो तेव्हा ती उशी त्यांच्या मांडीवर आणि उशीवर खोकं. टाचा त्यांनी जमिनीला लागू दिल्या नव्हत्या, पाय चवड्यांवर धरले होते, म्हणजे खालचा हादरा वर जायला नको. तुळजापूरच्या घाटात त्यांच्या पिंढऱ्या थरथरताना मला दिसत होत्या.

कंडक्टर आला. खोक्याकडं संशयानं बघत म्हणाला, "काय हाय ह्यात? तेरखेड्याचा माल तर न्हाय ना? फटाके गाडीत चालत न्हाईत."

"फटाके नाहीत. डिस्क आहे," सर म्हणाले.

"फुटती का?"

"फुटते. पण आवाज होत नाही."

कंडक्टरला काय समजलं कुणास ठाऊक, तो पुढं जाऊन ड्रायव्हरच्या कानाशी लागला. त्यानंतर गाडी अशी हळू चालली की मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत पुढं गेले. खिडकीबाहेर सगळं भुरकट. पान नसलेल्या बाभळी, कोरड्या नाल्यात खड्डे खणून पाण्याची वाट बघत बसलेली माणसं. सर मात्र आधी एका मनगटाकडं बघायचे, मग दुसऱ्या. मला वाटलं, डिस्कची काळजी. म्हटलं, "पोचू की, सर."

"दुपारच्या आत पोचलं पाहिजे," ते म्हणाले. का, ते सांगितलं नाही.

स्टँडवर उतरल्यावर त्यांनी खोकं उशीसकट माझ्या हातात दिलं. "आज जोडायची नाही. उन्हातून आली आहे, रात्रभर खोलीत राहू द्या. तिला इथली हवा लागली पाहिजे." आणि ताडताड घराकडं चालू लागले. त्यांच्या दुपारी घरी जाण्याबद्दल संघात बरंच बोललं जायचं. जग इकडचं तिकडं झालं तरी बाराच्या सुमाराला ते उठत आणि तासाभरानं परत येत. कुणी म्हणे गरम भाकरीची चटक आहे, कुणी म्हणे झोपेची. बायकोला कधी कुणी बाहेर पाहिलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. विचारायची कुणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. पहाटे चाऱ्याचे ट्रक निघायचे होते, त्यासाठी छावण्यांची नवी यादी संध्याकाळपर्यंत हवी होती. चेअरमन स्वतः खुर्ची टाकून बसले होते. सरांनी मशीन बंद केलं, मेलेली डिस्क काढली, तिच्या जागी नवी बसवली, मशीन सुरू केलं. पडद्यावर प्रश्न आला, कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर उतरवायचं? आकडे दोनच होते, शून्य आणि एक. मी कळफलकावर बसले होते.

"सर, कुठला दाबू?"

सर पडद्याजवळ वाकले.

"शून्य म्हणजे जुनीच ना?" मी विचारलं.

"काल होती. आज आपण आत हात घातलाय." त्यांनी माझे दोन्ही हात कळफलकावरून अलगद उचलून माझ्या मांडीवर ठेवले. "बाई, एक पाटी भरलेली आहे, दुसरी कोरी. भरलेली कोरीवर उतरवली तर दोन्ही भरतील. उलटं झालं तर कोरी भरलेलीवर उतरेल. आणि मशीन तक्रार करणार नाही. काम झालं म्हणून सांगेल."

मला आमची म्हैस डोळ्यांपुढं दिसली, आणि तिच्यासारखी हजारो जनावरं, जी कुठं आहेत हे आता जगात त्या एका डब्याला तेवढं ठाऊक होतं.

सरांनी मशीन पुन्हा बंद केलं. नवी डिस्क काढून टेबलावर ठेवली. एकट्या जुनीवर मशीन सुरू केलं, ती स्वतःला कुठला आकडा म्हणवते ते बघितलं, मला मोठ्यानं वाचायला लावलं. मग पुन्हा बंद, नवी पुन्हा आत. चेअरमन चुळबुळत होते. "सर, सकाळ चालली. तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला ठाऊक नाही होय कुठली कुठली ते?"

"ठाऊक आहे," सर म्हणाले. "पण बघितलेलं बरं."

मग त्यांनी मला आकडा सांगितला. मी दाबला. पडद्यावर एक रेघ मुंगीच्या चालीनं पुढं सरकू लागली. सगळ्यांनी श्वास सोडला. आणि सर उठले. दोन्ही घड्याळं पाहिली, पाणी प्यायले आणि दाराकडं निघाले.

चेअरमनना खरं वाटेना. "कुठं निघालात?"

"घरी जाऊन येतो."

"आत्ता? जनावरांचा जीव ह्या मशीनमधी अडकलाय आन् तुम्हाला जेवायला सुचतंय?"

"जेवायला नाही. काम आहे." आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "लाईट गेली तर बॅटरी थोडा वेळ टिकेल. तेवढ्यात रीतसर बंद करा. मी आल्याशिवाय सुरू करू नका. बाकी तुम्हाला सगळं येतं." आणि गेले. चेअरमन माझ्याकडं बघत राहिले. मी रेघेकडं.

लाईट गेलीच. त्या दिवसांत ती न जाती तरच नवल. एसी थांबला, पंखे थांबले, बॅटरीची पिपाणी वाजू लागली. सांगितलं होतं तसं मी उतरवणं थांबवून मशीन बंद केलं. चेअरमन कपाळाला हात लावून बसले होते. "जा, बोलवून आणा त्यांना. घरात असतील तिथून उचलून आणा," ते म्हणाले. मी पदर खोचून उन्हात पळत सुटले.

मी त्यांच्या घरी तोवर कधी गेले नव्हते. दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा, दार उघडं. मी धापा टाकत दारात उभी राहिले.

सर खाली सतरंजीवर बसले होते. समोर एक बाई, केस पिकायला लागलेले, चेहरा लहान मुलीसारखा मोकळा. त्या त्यांच्याकडं टक लावून बघत होत्या. सर सांगत होते, "मग तुम्ही चिंचेवर चढून बसलात. पाहुणे बघायला आलेत म्हटल्यावर तुम्ही थेट झाडावर. सगळं तेर गाव खाली जमा झालं. तुमचे वडील विनवताहेत, आई रडतेय."

"मग?" बाईंनी विचारलं.

"पाहुणे म्हणजे मीच होतो. मीही खाली उभा होतो, नवी टोपी घालून."

"तुम्ही व्हय?" बाई हसल्या. "मग उतरले का मी?"

एवढ्यात सरांना मी दिसले. "सर, लाईट गेली," मी म्हटलं.

"मशीन बंद केलंत?"

"केलं."

"बराबर. मग बसा थोडं. आता जरासंच राहिलंय." आणि पुन्हा बायकोकडं वळून, त्याच आवाजात, "उतरलात. ऊन कलल्यावर तुम्हाला तहान लागली. मी तांब्या घेऊन उभा होतो. तुम्ही उतरलात, पाणी प्यायलात आणि म्हणालात, ह्याच्याशी करीन."

बाईंनी मान हलवली, जणू हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ह्या कोण?" सरांनी माझं नाव सांगितलं, बेंबळीच्या आहेत म्हणाले, मशीन सांभाळतात म्हणाले. बाईंनी मला पाणी दिलं. जाताना सरांनी त्यांच्या पांघरुणाची घडी केली, शेजारच्या बाईंना हाक मारून "येतो" म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

वाटेत त्यांनी आपणहूनच सांगितलं. हैदराबादला असताना बायकोला मेंदूचा ताप आला. जीव वाचला, पण मागचं सगळं पुसलं गेलं. आई, बाप, लग्न, नवरा, काही उरलं नाही. नवीन सांगितलेलं थोडंफार टिकतं. "रोज दुपारी थोडं थोडं सांगतो. त्या वेळेला त्यांचं डोकं निवांत असतं. काही राहतं, काही जातं. गेलं की परत सांगतो."

"तुम्ही त्यांना तुम्ही म्हणता," माझ्या तोंडून निघून गेलं.

"शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं, आपण कोण? ओळख नसलेल्या बाईला मी अगं कसं म्हणणार?" ते जरा हसले. "मग तेच पडलं."

"आणि तुम्ही सांगता ते सगळं त्या खरं मानतात?"

"मानतात. म्हणून तर फिकर वाटते. एखादं चुकीचं सांगितलं, तर त्यांचं आयुष्य तेवढं चुकीचं होईल. दुसरं कोण आहे सांगणारं?"

दोघंही भरभर चालत राहिलो.

लाईट आली ती उन्हं कलायच्या वेळी. खोली भट्टीसारखी तापलेली. एसीला व्होल्टेज पुरेना. सरांनी सगळ्या खिडक्यांना गोणपाटं लावली आणि पाय धुवायच्या बादलीतलं उरलंसुरलं पाणी त्यांवर मारलं. "आता सुरू करायचं," ते म्हणाले. त्या दिवसातला सगळ्यात अवघड क्षण तो होता. जुनी डिस्क वर्षानुवर्षं फिरत आलेली, सकाळी थंडाव्यात फिरली, पण आता तापून थांबलेली. पुन्हा फिरेल की नाही, याची खात्री खुद्द सरांना नव्हती. त्यांनी बटण दाबलं आणि डब्याला कान लावला. आधी काहीच नाही. मग एक खरखर. ती थांबली. चेअरमननी डोळे मिटले होते. पुन्हा खरखर, आणि मग हळूहळू वर चढत जाणारा तो ओळखीचा घों आवाज. सर कान लावूनच होते. त्यांचे ओठ हलत होते. बहुतेक ते तिला 'या, या' म्हणत होते.

रेघ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मी, चेअरमन, मावशी, ज्याच्या हाताला जो पुठ्ठा लागला तो घेऊन आम्ही मशीनला वारा घालत राहिलो. चेअरमननी डोक्याचा पटका सोडून त्याचा पंखा केला. दिवेलागणीला रेघ टोकाला गेली आणि लाल दिवा हिरवा झाला. सरांनी मला छावण्या एकेक करून उघडायला लावल्या, आधी नव्या डिस्कवरून, मग जुनीवरून. बेंबळी आली. आमची म्हैस होती. दोन्हीकडं होती, दोन्हीकडं गाभण होती. मला तेव्हा का रडू आलं ते माझं मलाच कळलं नाही. प्रिंटर करकरू लागला, यादीचा कागद जमिनीवर लोळू लागला, आणि मागं वळून बघितलं तर सर खुर्चीत बसल्या बसल्या झोपी गेले होते. चेअरमननी आपल्या हातानं त्यांचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "आवाज करू नगा रं."

पहाटे ट्रक गेले. त्या सालाच्या शेवटी पाऊसही झाला.

पुढं वर्षभरात सरांनी नोकरी सोडली. बाईंना सांगितलेलं टिकेनासं झालं होतं. तेरला त्यांच्या माहेरी नेऊन ठेवलं, प्रत्यक्ष चिंच दाखवली, अंगण दाखवलं, तर काही राहील, असं त्यांना वाटत होतं. निरोपसमारंभ नको म्हणाले. जायच्या दिवशी मशीनजवळ थोडे उभे राहिले आणि मला म्हणाले, "बघितल्याशिवाय हो म्हणू नका, बाई." माझं लग्न झालं, मी लातूरला गेले. तिथल्या ऑफिसात मोठमोठी मशीनं आली, माझ्या हाताखाली माणसं आली, पण मला 'तुम्ही' म्हणून अशी कुणी हाक मारली नाही, की जिनं आपण एक पायरी वर उभ्या आहोत असं वाटावं. दुपारी बाराच्या सुमाराला कामात मन लागेनासं व्हायचं. वाटायचं, आत्ता ते सांगत असतील. आज काय सांगत असतील?

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. झोपेतच गेले म्हणे. बातमी सांगणाऱ्या माणसाला बाईंचं काय झालं ते ठाऊक नव्हतं. मी रजा टाकून तेरला गेले.

भाच्याच्या घरी होत्या. भाच्याची बायको मला आत घेऊन गेली. अंगणात बाजेवर बाई बसल्या होत्या, पूर्ण पांढऱ्या झालेल्या. मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. मी जवळ बसले. सरांचं नाव काढलं, तर त्यांनी नुसतं पाहिलं. मला वाटलं, संपलं. आता दोघांतलं कुणीच उरलं नाही. मी पाण्याचा पेला खाली ठेवून उठायच्या बेतात होते, तेवढ्यात त्या बोलू लागल्या.

"म्या लहान व्हते ना, हैदराबादला, तवा आमच्या शाळेत एक मौलवीसाब व्हते. लई उंच. छडी न्हाय मारायचे, नुसतं कान धरून उभं करायचे. अलिफ म्हन. बे म्हन." बोटानं त्यांनी मांडीवर उजवीकडून डावीकडं अक्षरं काढली. "सुट्टीत आमी पोरं विहिरीत उड्या मारायचो. म्या सगळ्यात वरून मारायचे. चड्डी फाटली तर आईनं लई हाणलं."

भाच्याची बायको माझ्या कानाशी म्हणाली, "असंच बोलत्यात हो कायबाय. हितंच वाढल्या त्या, लग्नाआधी गाव सोडलं न्हाय. शाळेचं तर तोंडबी बघितलं न्हाय."

ते सरांचं बालपण होतं. आम्हाला कधी, कुणालाच न सांगितलेलं. बाईंच्या आयुष्यातलं त्यांना ठाऊक होतं तेवढं सांगून संपल्यावर त्यांनी आपलं सांगायला घेतलं असेल. आपलं म्हणूनच सांगितलं असणार, खोटं सांगणारे ते नव्हते. कुणाचं ते बाईंच्या ध्यानातून गेलं, आणि गोष्ट राहिली.

मी परत बसले. "मग, काकू?"

"मग काय. वडलांनी रेडिओ आनला. नवाकोरा. घरात कुनी न्हाय बघून म्या सगळा उघडला. आत एवढी मोठी काच, आन् तारा, तारा. सगळं काढून चादरीवर मांडलं. एकाजवळ एक, वळीनं." त्यांचे डोळे चमकत होते. दोन्ही हात हवेत काहीतरी अलगद धरून होते. "आन् तेवढ्यात दारात सायकलची घंटी वाजली."

बाहेर स्टँडवर लातूरची गाडी भोंगा देत होती. भाच्याची बायको म्हणाली, "ताई, शेवटची गाडी हाय. निघाली बघा."

"जाऊ द्या तिला," मी म्हटलं. मी बाजेच्या आणखी जवळ सरकले. "वडील आले का, काकू? जोडून झाला होता का रेडिओ?"